कोकणातल्या ज्यू कबरींवरचे मराठी लेख जपा : पुरातत्त्व संचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,



मी सोलापूरचा. फिल्मवर कृष्णधवल छायाचित्रे काढायची, ती घरातल्या डार्करूममध्ये धुवायची आणि कागदावर उतरवायची, हे माझे काम. पत्राचा विषय मात्र सोलापूरपासून बराच दूर, रायगड जिल्ह्यात आहे. माझी मागणी सुरुवातीलाच सांगतो. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल आणि आसपासच्या गावांत बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या दफनभूमी आहेत. तिथल्या कबरींवर मराठी आणि हिब्रू लेख कोरलेले आहेत. राज्य शासनाने या लेखांची एकदाच, पण व्यवस्थित, कृष्णधवल फिल्मवर नोंद करून घ्यावी. त्या निगेटिव्ह सरकारी दप्तरात जपाव्यात. आणि लेखांचे वाचन मराठीत छापून लोकांसमोर ठेवावे. काम फार मोठे नाही. पण ते जितके लांबेल तितकी अक्षरे कमी होत जातील, म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

बेने इस्राएल कोण, हे आपल्याला सांगायला नको. पण हे पत्र इतरही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहितो. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर नवगावजवळ एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. वाहून आलेल्या प्रेतांना तिथेच मूठमाती दिली गेली. नवगावच्या दफनभूमीत ती जागा आजही दाखवतात. वाचलेल्यांचे वंशज कोकणातल्या गावोगावी पसरले. तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. आडनावे त्यांनी गावांवरूनच घेतली : चेऊलकर, पेणकर, किहिमकर, नवगावकर, रोहेकर, दिवेकर. घरात बोली मराठी होती. प्रार्थनेची पुस्तके छापायची वेळ आली तेव्हा हिब्रूसोबत मराठी अर्थ छापला गेला. पुण्यात १८७४ मध्ये निघालेली मराठी हग्गादा त्याची साक्ष आहे. त्यांच्यातले हाईम सॅम्युएल किहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहून ठेवला आणि तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. अलिबागच्या इस्राएल आळीत १८४८ पासून मागेन आबोथ हे प्रार्थनामंदिर आहे. १९४८ नंतर मात्र बहुतेक कुटुंबे टप्प्याटप्प्याने इस्राएलला गेली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतातले ज्यू पाच हजारही भरले नाहीत. तिकडे गेलेल्यांनी मराठी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तिथून काढले. माणसे गेली, प्रार्थनामंदिरांत दहा पुरुषांची गणसंख्या भरणे अवघड झाले, आणि कबरी इथेच राहिल्या.

आता एक दगड जवळून पाहू. अलिबाग तालुक्यातल्या एका दफनभूमीत सुरूच्या झाडांखाली काळ्या दगडाची एक उभी फरशी आहे, गुडघ्याहून थोडी उंच. माथ्यावर सहा कोनांचा तारा. त्याखाली हिब्रूच्या दोन ओळी, मग मराठीच्या चार, आणि तळाशी सुटी सुटी पाच हिब्रू अक्षरे : तव, नून, त्सादे, बेत, हे. मृताचा जीव जीवनाशी बांधलेला राहो, या प्रार्थनेची ती आद्याक्षरे आहेत. प्रागपासून बगदादपर्यंतच्या ज्यू कबरींवर ती सापडतात. मराठी ओळींत नाव, वडिलांचे नाव, गावावरून आलेले आडनाव, राहण्याचे ठिकाण आणि वय. पाथरवटाचा हात मराठीत सराईत चालला आहे. शिरोरेषा एका दमात ओढलेली, काना सरळ, वेलांटीला गोलाई. हिब्रूच्या ओळींत तो अडखळला आहे. अक्षरे बसवण्यासाठी त्याने वर आणि खाली दोन बारीक रेषा आखून घेतल्या होत्या, त्या तिरप्या उन्हात अजून दिसतात. त्याला हिब्रू येत नसावी. कोणीतरी कागदावर अक्षरे काढून दिली असतील आणि त्याने ती टाकीने दगडावर उतरवली असतील. आपल्याला न येणाऱ्या लिपीत, शेजाऱ्याच्या मृत बापासाठी, एकही अक्षर न गाळता त्याने ते काम पुरे केले. कोकणातले शेजारधर्म कसे होते यावर मोठमोठे ग्रंथ लिहिता येतील, पण त्या दोन आखीव रेषांइतका थेट पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

याच दगडावर हिब्रू सनाचे शेवटचे अक्षर झिजले आहे. हिब्रूत अक्षरेच आकडे असतात. ‘हे’ म्हणजे ५ आणि ‘खेत’ म्हणजे ८. दोन्ही अक्षरे जवळजवळ सारखी. ‘हे’च्या डाव्या पायात आणि माथ्यात एक बारीक फट असते, ‘खेत’मध्ये ती नसते. दगडाची कपची उडाली की तीन वर्षांचा फरक पडतो. ‘दालेत’ आणि ‘रेश’ यांतला फरक कोपऱ्यावरच्या एका टोकाचा, पण पहिल्याची किंमत ४ आणि दुसऱ्याची २००. अक्षरांची बेरीज करून तीत १२४० मिळवले की साधारणपणे इसवी सन निघतो, जसे आपण शकात ७८ मिळवून काढतो. मराठी ओळीत इसवी सन शाबूत असेल तर हिब्रू सन पडताळता येतो. नसेल तर हिब्रू अक्षरांवरून मराठी ओळ भरून काढता येते. दोन लिप्या एकमेकींना आधार देतात. दोन्ही झिजल्या की मग कोणाचाच कोणाला आधार नाही.

हे काम तुमच्या संचालनालयाचेच का? माझ्या दृष्टीने पत्राचा गाभा हाच आहे. या कबरींकडे आजवर एका अल्पसंख्य समाजाची खासगी बाब म्हणून पाहिले गेले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण दगडावरची भाषा मराठी आहे. हे मराठीचे कोरीव लेख आहेत. त्यांचा विषय राजाचे दान नाही, किल्ल्याची डागडुजी नाही. तेलाचा घाणा चालवणाऱ्याचे, पलटणीत गेलेल्याचे, रेल्वेत नोकरी केलेल्याचे, बाळंतपणात गेलेल्या सुनेचे नाव तिथे आहे. सामान्य मराठी माणसाचे नाव, गाव आणि वय दगडावर कोरून ठेवण्याची रीत आपल्याकडे फार थोड्या समाजांत होती. दहन करणाऱ्यांची नावे राखेबरोबर जातात. म्हणून एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या साध्या माणसांच्या मराठीचा, नावांचा, आयुर्मानाचा आणि स्थलांतराचा असा दगडी दस्तऐवज दुर्मीळ आहे.

याच अलिबाग तालुक्यात आक्षीचा शिलालेख आहे, शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा. आणि आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीना संगमावर, हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातल्या तुळईवर शके ९४० चा, इ.स. १०१८ चा लेख आहे. मराठीच्या पहिल्या कोरीव लेखाचा मान कोणाला द्यायचा, यावर अभ्यासक वाद घालतात. त्या वादात एका बाजूला अलिबाग आहे आणि दुसऱ्या बाजूला सोलापूर. कुडलचा लेख उजेडात आणला तो सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी. विद्यापीठातली खुर्ची नाही, हाताखाली माणसे नाहीत, अशा स्थितीत या माणसाने आमच्या परिसरातले लेख शोधले, वाचले आणि लिहून ठेवले. सोलापूरकराला त्यांनी एक गोष्ट शिकवली : लेख वाचण्याआधी तो जागेवर असावा लागतो, आणि तो जागेवर राहील याची खात्री नसेल तर निदान त्याचा ठसा हाती असावा लागतो. आक्षीचा दगडसुद्धा वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला पडून होता. मराठीचा एवढा मोठा पुरावा इतका काळ उघड्यावर राहू शकतो, तर शंभर-दीडशे वर्षांच्या कबरींना कोण विचारणार, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे उलट आहे. आक्षीच्या बाबतीत जे फार उशिरा सुचले ते इथे वेळेवर सुचावे.

कायद्याचीही अडचण नाही. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी अधिनियमात शंभर वर्षांहून जुना कोरीव लेख पुरावस्तूच्या व्याख्येत येतो. या दफनभूमींतल्या अनेक दगडांनी ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे आणि दरवर्षी नव्याने काही ओलांडत आहेत. आणि नोंद करायची तर शंभर वर्षे भरण्याची वाट पाहण्याचे कारणही नाही.

नुकसान कशाने होते आहे ते सांगतो. अलिबागला पाऊस सोलापूरच्या दुपटीहून जास्त. समुद्राची खारी हवा दगडाच्या सूक्ष्म भेगांत मीठ नेऊन बसवते. ते ओले होते, सुकते, स्फटिक बनते आणि पापुद्रे सुटतात. दगडफूल अक्षरांच्या खाचांत मुळावते. संगमरवराच्या पाट्यांत शिसे भरून अक्षरे बसवलेली असतात. शिसे निखळले की प्रत्येक अक्षराच्या जागी दोन-तीन बारीक भोके उरतात आणि त्या भोकांवरून अक्षर ओळखावे लागते. झाडांची मुळे फरशा उचलतात. काही ठिकाणी चहूबाजूंनी जमिनींचे भाव चढले आहेत, फार्महाऊस उठली आहेत आणि कुंपणे आत सरकली आहेत. शिवाय प्रेमाने केलेले नुकसान आहे. परदेशातून आलेला नातू आजोबांची कबर उजळावी म्हणून आम्ल आणि तारेचा ब्रश वापरायला सांगतो. दगड तासाभरात लख्ख होतो आणि अक्षरांच्या कडा कायमच्या बोथट होतात. अक्षरे वाचण्यासाठी त्यांत खडू भरणे, पीठ चोळणे, ऑइलपेंट लावणे, हे सगळे दगडाला घातक आहे.

मग हाताशी काय उरते? प्रकाश. दगडाला हात न लावता अक्षर उठवून दाखवणारे ते एकच हत्यार आहे, आणि कृष्णधवल छायाचित्रणाचा सारा खेळ प्रकाशाचा आहे. इथे मला थोडे तपशिलात जाऊ द्या, कारण “मोबाईलवर काढून टाकू” हे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे.

कोरीव अक्षर दिसते ते त्याच्या कडेवर पडणाऱ्या सावलीमुळे. समोरून ऊन आले की दगड सपाट दिसतो. ऊन दगडाला जवळजवळ घासून गेले पाहिजे. बाजूने घासून जाणाऱ्या उन्हात काना, दंड आणि सगळ्या उभ्या रेषा उठतात. शिरोरेषा मात्र बुडते, कारण ती प्रकाशाच्याच दिशेने धावते. शिरोरेषेसाठी ऊन वरून यावे लागते. आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. अलिबागला त्यांतला पहिला दिवस साधारण मेच्या मध्यावर पडतो. त्या आठवड्यात भर दुपारी ऊन उभ्या दगडाच्या तोंडावरून सरळ खाली घसरते, आणि सकाळी कोरा वाटणारा दगड देवनागरीच्या आणि हिब्रूच्या आडव्या रेषांनी भरून जातो. पाऊस तोंडावर आलेला असतो, उकाडा असह्य असतो, पण या कामाला तो आठवडा सोन्याचा. म्हणून प्रत्येक कबरीची निदान दोन छायाचित्रे हवीत : एक बाजूच्या उन्हातले, एक वरच्या उन्हातले. जो दगड कायम सावलीत असतो त्याच्यासाठी साधा घरगुती आरसा पुरतो. दहा-बारा फुटांवर उभे राहून एकाने आरशातून उन्हाची तिरीप दगडावर टाकायची, दुसऱ्याच्या सांगण्याप्रमाणे ती कलवत न्यायची, आणि अक्षर उठले की तिथेच थांबवायची.

रंग इथे मदत करत नाही, अडथळा आणतो. हिरवे शेवाळ, पांढरे दगडफूल, तांबड्या मातीचे शिंतोडे डोळ्याला इतके खेचतात की अक्षर मागे पडते. कृष्णधवल फिल्मला भिंगापुढच्या रंगीत काचेने आवर घालता येतो. काळ्या दगडाच्या खाचांत कोकणची तांबडी माती बसलेली असेल तर लाल काच लावावी. माती उजळते, दगड काळाच राहतो आणि अक्षरे जणू पांढऱ्या शाईने लिहिल्यासारखी समोर येतात. हिरव्या शेवाळाने दगड डागाळला असेल तर हिरवी काच ते डाग फिके करते. प्रकाशमापकावर आंधळा विश्वास टाकून चालत नाही. त्याला काळा दगड आणि पांढरा संगमरवर दोन्ही राखाडीच करायचे असतात. म्हणून काळ्या दगडाला त्याच्या आकड्यापेक्षा एक-दीड स्टॉप कमी प्रकाश आणि संगमरवराला तेवढेच जास्त द्यावे लागते. कॅमेरा तिवईवर, भिंग दगडाच्या बरोबर मध्यासमोर, शेजारी सेंटिमीटरची पट्टी, छिद्र एफ-११ च्या आसपास आणि फिल्म १२५ आयएसओसारखी बारीक कणांची. यात गूढ काही नाही. शिस्त हवी आणि सवड हवी.

आणि फिल्मच का, डिजिटल का नाही? दोन्ही हवे. निगेटिव्हचे स्कॅन जगभर पोचतील आणि पोचायलाच हवेत. पण मूळ नोंद फिल्मवर असावी, कारण ती वाचायला फक्त उजेड लागतो. डिजिटल साठा दर काही वर्षांनी नव्या तबकडीवर, नव्या स्वरूपात हलवत राहावे लागते, आणि हलवणारा माणूस बदलीवर गेला, निधी थांबला, संगणक मोडीत निघाला की साखळी तुटते. तुमच्याच क्षेत्रातला दाखला पाहा. १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने कॅप्टन बिग्ज यांना मुंबई इलाख्यातल्या वास्तूंची आणि लेखांची छायाचित्रे काढण्यासाठी नेमले. मुंबईत त्याच्या आदल्याच वर्षी फोटोग्राफिक सोसायटी निघाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यातले जाणते छायाचित्रकार होते. त्याच दशकात विल्यम जॉन्सन यांनी मुंबईच्या निरनिराळ्या समाजांची छायाचित्रे घेतली, त्यांत बेने इस्राएलही आहेत. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, ती चित्रे आजही नुसत्या डोळ्यांनी पाहता येतात. नीट धुतलेली, हायपो हे रसायन पूर्ण काढलेली, थंड आणि कोरड्या जागी ठेवलेली चांदीची निगेटिव्ह अनेक पिढ्या टिकते, हे सिद्ध झालेले आहे.

एके काळी आपला देश ही फिल्म स्वतः बनवत होता. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ फिल्म आणि कागद वापरून महाराष्ट्रातल्या कित्येक स्टुडिओंनी संसार केले. तो कारखाना बंद पडला. आता फिल्म बाहेरून येते आणि महाग मिळते. डार्करूमचे काम जाणणारी माणसेही म्हातारी होत चालली आहेत. मेमध्ये सोलापूरला नळाचे पाणी इतके तापलेले असते की डेव्हलपर २० अंशांवर आणायला बर्फाच्या परातीत डबा ठेवावा लागतो, आणि पारा चढला की चांदीचे कण फुगून अक्षराची कड जाते. असल्या लहानसहान गोष्टी पुस्तकात थोड्या आणि हातात जास्त असतात. ज्यांच्या हातांत त्या आहेत, त्यांच्याकडून हे काम आत्ताच करून घ्यावे.

अशा नोंदीचे मोल बाहेरच्या जगाला फार जबर किंमत मोजून कळले आहे. १९१२ ते १९१४ या काळात एस. अन्-स्की यांनी रशियन साम्राज्यातल्या ज्यू गावांत शोधमोहीम नेली. सोबत सोलोमन युडोविन हा तरुण छायाचित्रकार होता. त्याने माणसांबरोबर थडग्यांचेही फोटो काढले. पुढे डेव्हिड गोबरमन यांनी युक्रेन आणि मोल्दोवातल्या कोरीव कबरी कृष्णधवल फिल्मवर टिपल्या. दुसऱ्या महायुद्धात नाझी आले. माणसे मारली आणि कबरींचे दगड उपसून त्यांनी रस्ते बांधले. युद्धानंतर पोलंडमध्ये मोनिका क्रायेव्स्का या पोलिश बाईंनी उरलेल्या दफनभूमी हिंडून छायाचित्रे घेतली. १९८२ मध्ये त्यांचे ‘चास कामिएनी’ हे पुस्तक आले. आज त्या भागातल्या कितीतरी दगडांविषयी जे काही ठाऊक आहे ते या फोटोंमुळे. आपल्याकडे बेने इस्राएलांना कोणी छळले नाही, कोणी हाकलले नाही. ते आपल्या मर्जीने गेले आणि जाताना शेजाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होते. महाराष्ट्राने हा अभिमान अवश्य बाळगावा. पण मग ज्यांना आपण इतक्या आपुलकीने वागवले त्यांच्या कबरींवरची अक्षरे केवळ दुर्लक्षाने पुसली गेली, तर तो अभिमान कोणत्या तोंडाने सांगायचा?

सोलापूरचा माणूस रायगडच्या कबरींसाठी का लिहितो, असे आपल्याला वाटेल. आमच्या शहराला परमुलखातल्या कबरीची किंमत माहीत आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. शिजियाझुआंगच्या शहीद स्मारकात त्यांची कबर आहे. तिथले लोक ती निगुतीने सांभाळतात, फुले वाहतात. तिथे कोणी असे म्हणत नाही की माणूस परका होता, त्याच्या घरच्यांनी येऊन झाडलोट करावी. आमच्या गावच्या मुलाची कबर हजारो मैलांवर परके लोक जपतात आणि आम्ही त्याबद्दल कृतज्ञ आहोत. मग इस्राएलमध्ये दिमोना, लोद, अश्दोदला राहणाऱ्या मराठी माणसाच्या पणजीची कबर आपल्या मुलखात आहे, ती आपण जपू नये? शिवाय सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार लिप्यांतल्या पाट्या रोज वाचणारे शहर आहे. एका दगडावर दोन लिप्या पाहून आम्हाला नवल वाटत नाही, घरच्यासारखे वाटते.

श्रीमंतांच्या कबरींना छायाचित्रकारांची वाण पडत नाही. पुण्याच्या लाल देऊळ या ज्यू प्रार्थनामंदिराच्या आवारातली डेव्हिड ससून यांची समाधी किंवा मुंबईत चिंचपोकळीची ससूनांनी बांधून दिलेली दफनभूमी यांचे फोटो भरपूर निघाले आहेत. माझी विनंती आहे ती खेड्यातल्या गुडघाभर दगडांसाठी.

हे काम रीतीने व्हावे, हीसुद्धा विनंतीच. बहुतेक दफनभूमी प्रार्थनामंदिरांच्या विश्वस्तांकडे आहेत आणि काही आजही वापरात आहेत. त्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय कोणी आत पाऊल टाकू नये. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तानंतर रात्र होईपर्यंत कॅमेरा बंद. डोके झाकलेले असावे, कबरीवर पाय पडू नये, कोणी ठेवलेला खडा “चित्रात आडवा येतो” म्हणून उचलू नये. आठवणीखातर कबरीवर खडा ठेवणे ही त्यांची रीत आहे. अलीकडच्या कबरींची नोंद घ्यावी, पण कुटुंबाच्या संमतीशिवाय ती प्रसिद्ध करू नये.

नेमके काय हवे ते मुद्द्यांनी लिहितो.

१. रायगड जिल्ह्यातल्या सर्व ज्यू दफनभूमींची यादी, हद्दीच्या नकाशासह, विश्वस्तांच्या मदतीने तयार करावी. दर कबरीला क्रमांक द्यावा, पण तो दगडावर रंगवू नये, नकाशावर लिहावा.

२. प्रत्येक कोरीव दगडाची दोन उजेडांतली दोन कृष्णधवल छायाचित्रे १२० फिल्मवर घ्यावीत. चौरस चौकटीच्या कॅमेऱ्यात एका रोलमध्ये बारा चित्रे येतात, म्हणजे सहा कबरी. तीच चित्रे लगेच दुसऱ्या रोलवर घ्यावीत, म्हणजे मूळ निगेटिव्हचे दोन संच होतील.

३. एक संच मुंबईत पुराभिलेख संचालनालयात ठेवावा. दुसरा पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात ठेवावा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत निगेटिव्हला बुरशी धरते. सोलापूरची हवा कोरडी आहे. दोन्ही संच एकाच गावात ठेवण्यात शहाणपण नाही.

४. हिब्रू जाणणारा आणि मराठी कोरीव लेख वाचणारा, असे दोघे एकत्र बसून प्रत्येक लेखाचे वाचन करतील अशी योजना करावी. इस्राएलमधल्या मराठी वाचकांनाही त्यात घ्यावे. आडनाव ओळखणारी, नाते सांगणारी माणसे तिकडे आहेत आणि वयस्कर आहेत.

५. सफाईचे साधे नियम मराठीत छापून दफनभूमीच्या दारावर लावावेत : पाणी आणि मऊ ब्रश चालेल, आम्ल, तारेचा ब्रश, खडू आणि रंग चालणार नाही.

६. अलिबाग, पेण आणि पनवेलच्या महाविद्यालयांतल्या मुलामुलींना या कामात घ्यावे. आरसा धरण्यापासून सुरुवात करावी. ज्या मुलीने स्वतः आरसा फिरवून दीडशे वर्षांपूर्वीचे नाव उठवले असेल, ती पुढे त्या दगडाला धक्का लागू देणार नाही.

यासाठी कायद्यात बदल नको, नवी इमारत नको, भूसंपादन नको. एका अधिकाऱ्याची नेमणूक, दोन उन्हाळ्यांचा वेळ, फिल्म, रसायने आणि प्रवासखर्च एवढ्यात हे उभे राहते. येत्या अंदाजपत्रकात त्याची तरतूद करावी आणि पुढच्या मेच्या मध्यापूर्वी पहिली दफनभूमी निवडावी, कारण वरच्या उन्हाचा तो आठवडा हुकला की पुन्हा वर्षभर थांबावे लागते आणि मध्ये एक पावसाळा पडतो.

माझ्या बाजूने सांगतो. माझा कॅमेरा, तिवई, रंगीत काचा आणि डार्करूम या कामासाठी विनामोबदला हजर आहेत. सोलापुरात फिल्मवर काम करणारे आणखीही हात आहेत. त्यांना एकत्र आणण्याची जबाबदारी मी घेतो. आपल्या कार्यालयाकडून होकार आला, की विश्वस्तांच्या परवानगीसाठी अलिबागला जाणारा पहिला माणूस मी असेन.

आक्षीच्या पाथरवटाने हजार वर्षांपूर्वी मराठी कोरली, कुडलच्याने कोरली, आणि बेने इस्राएलांच्या कबरींवर ज्याने ती हिब्रूच्या जोडीला कोरली तोही त्याच परंपरेतला. पहिल्या दोघांचे लेख आपण मराठीचा वारसा मानतो. तिसऱ्याचाही मानावा, आणि मानल्याचे काम करून दाखवावे, एवढेच मागणे आहे.

आपला नम्र,
सोलापूरचा एक छायाचित्रकार